पाचवा पाय

त्या मुलाच्या मांजराला पाच पाय होते, आणि त्यातला एक मी त्याला खोडायला लावला.

मुलगा साडेपाच वर्षांचा. वर्गात येऊ लागून जेमतेम महिना झालेला. वर्ग म्हणजे घरातलीच एक खोली. जमिनीवर जुन्या चादरी अंथरलेल्या आणि रविवारी सकाळी जमणारी दहा-बारा मुलं. मीही नवीच होते. स्वतःला बरी चित्रं काढता येतात म्हणजे शिकवताही येईल, एवढ्याच भांडवलावर वर्ग सुरू केला होता. त्याने केशरी मेणखडूने मांजर काढलं होतं. पोट उशीसारखं फुगीर, मिशा कागदाच्या कडेपर्यंत गेलेल्या, खाली ओळीने चार पाय आणि पाचवा वर, कानाच्या रोखाने. मी वाकून विचारलं, "मांजराला पाय किती असतात रे?"

"चार."

"मग हे मोज बरं."

त्याने मोजले. काही न बोलता खोडरबर उचललं. मेणखडू खोडरबराने जात नाही, नुसता पसरतो, हे सांगायचंही मला सुचलं नाही. तो घासत राहिला. केशरी डाग मोठा होत गेला आणि शेवटी कानापाशी कागद फाटला. त्याने कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. आई न्यायला आली तेव्हा दारात चपला घालता घालता तो तिला काहीतरी सांगत होता, ते मला आतून ऐकू आलं. "चार उभं राहायचे होते. तो खाजवायचा होता."

पुढचे कितीतरी रविवार तो चित्र काढण्याआधी माझ्याकडे यायचा. "ताई, किती पाय काढू?" माणूस काढायचा असला तरी, टेबल काढायचं असलं तरी. एकदा गोगलगाय काढायची होती, तर तिचेही.

मांजर कान खाजवतं तेव्हा त्याचा पाय इतका भराभर हलतो की नीट दिसतच नाही. उभं असलेलं मांजर आणि खाजवणारं मांजर, दोन्ही त्या मुलाला एकाच कागदावर हवी होती आणि त्याने पाचव्या पायाची तोड काढली होती. नावाजलेल्या चित्रकारांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. जिआकोमो बाल्ला या इटालियन चित्रकाराने १९१२ साली साखळीला बांधलेलं, तुरुतुरु चालणारं एक बुटकं कुत्रं रंगवलं. त्याचे पाय मोजायला गेलं तर हिशोब लागत नाही. पोटाखाली पायांचा नुसता धूसर पंखा आहे. ते चित्र संग्रहालयात लागलं. बाल्लाच्या हातात कुणी खोडरबर दिलं नाही.

मग मी वाचायला लागले. वर्ग आधी आणि अभ्यास नंतर, म्हणजे वरातीमागून घोडं. पण निदान घोडं निघालं. जॉर्ज-आंरी ल्युके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जमवून त्यांचा अभ्यास केला होता. १९२७ सालच्या त्याच्या पुस्तकातली एक गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली: लहान मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. म्हणून घराची भिंत असूनही आतली खाट दिसते. बाजूने काढलेल्या चेहऱ्याला दोन्ही डोळे असतात. टेबलाचे चार पाय चार दिशांना पसरतात, कारण ते आहेतच चार. एक दुसऱ्याआड लपला म्हणून त्याला वगळणं मुलाच्या दृष्टीने लबाडी आहे. तीन-चार वर्षांची मुलं माणूस काढतात तेव्हा एक वाटोळं डोकं आणि त्यातूनच निघालेले दोन पाय, एवढंच असतं. पोट विसरलं असं आपण म्हणतो. मी एकदा एकीला विचारलं, याची बेंबी कुठे गं? तिने जराही न अडखळता दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत टिंब दिलं. पोट तिथे होतंच. काढायचं राहिलं होतं, इतकंच.

त्याच्याही आधीची जी गिचमिड, तीसुद्धा वाटते तितकी गिचमिड नसते. ऱ्होडा केलॉग या अमेरिकन बाईंनी बालवाडीच्या मुलांची दहा लाखांच्या घरात चित्रं गोळा केली आणि त्यांतल्या रेघोट्यांचे वीस मूळ प्रकार वेगळे काढले. टिंब, उभी रेघ, आडवी रेघ, वेटोळं, नागमोडी... वीस. हे वाचल्यावर दीड-दोन वर्षांच्या पोरांकडे मी निराळ्या नजरेने बघायला लागले. त्यांची रेघ बोटांतून येत नाही, खांद्यातून येते. अख्खा हात जहाजाच्या वल्ह्यासारखा फिरतो. अशा मुलाला छोटा कागद आणि टोकदार पेन्सिल देऊन "रेघेच्या आत रंगव" म्हणणं म्हणजे वल्हं हातात देऊन सुईत दोरा ओवायला सांगणं. त्याला जमिनीवर पसरलेला मोठा कागद आणि मुठीत मावणारा जाडजूड खडू द्यावा आणि आपण बाजूला सरकावं. बाजूला सरकणं सगळ्यात कठीण. मला अजून पूर्ण जमलेलं नाही.

मुलांना मोकळं सोडावं हा विचार काही आजचा नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक हा तरुण चित्रकार एका सुताराच्या घरी भाड्याने राहायचा. समोरच्या लाकडी कुंपणावर पोरं खडूने चित्रं काढायची, जागेसाठी भांडायची, आणि शिकवायला कुणीही नसताना तासन् तास रमायची. ते बघून त्याने १८९७ साली मुलांसाठी चित्रवर्ग काढला, जिथे नकला करून घेतल्या जात नसत. तिकडे जपानमध्ये शाळेत पुस्तकातली चित्रं हुबेहूब उतरवायला लावत. यामामोतो कानाए या चित्रकाराला ते बघवेना. मुलांनी मनातलं, डोळ्यांपुढचं काढावं म्हणून त्याने चळवळच उभी केली आणि १९१९ साली मुलांच्या मुक्त चित्रांचं प्रदर्शन भरवलं. त्याच वाऱ्यावर, १९२५च्या सुमारास, साकुरा कंपनीचा तेलखडू जन्माला आला: मेणखडूपेक्षा मऊ, गडद, छोट्या हाताला जोर न लावता उमटणारा. आज घरोघरच्या डब्यात तो खडू आहे. त्याच खडूने मुलं व्हिडिओ थांबवत थांबवत पायरी-पायरीने एकसारखा सूर्यास्त काढतात, तेव्हा मला त्या खडूचीच दया येते.

एकसारख्या चित्रांवरून आठवलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली एक झोपडी, झोपडीपासून निघालेली वळणाची वाट, आकाशात चार-पाच पक्षी म्हणून चार-पाच टिकमार्क. हे चित्र मुलं कुठून शिकतात कोण जाणे. बहुधा एकमेकांकडून, सर्दीसारखं. सुरुवातीला मी त्यावर बंदी घातली. "आज डोंगर-सूर्य काढायचा नाही." मुलं रिकाम्या कागदापुढे बसून राहिली. ज्याच्या हातात एकच काठी आहे त्याच्याकडून ती काढून घ्यावी, तसं झालं. मग एका रविवारी, बंदी विसरून एकाने तेच चित्र काढलं तेव्हा मी रागावले नाही. त्याच्या शेजारी मांडी घालून बसले आणि विचारलं, "या झोपडीत कोण राहतं?"

तो विचारात पडला. इतकी वर्षं झोपडी काढत होता, पण तिथे कुणी राहत असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग हळूच म्हणाला, "चोर."

"एकटाच?"

"एकटाच. आणि कुत्रं. पण ते भुंकत नाही, नाहीतर चोर सापडेल ना."

खिडकीला गज आले. दाराला तीन कुलपं आली. वाटेवर पावलांचे ठसे उमटले, पण ते झोपडीकडून बाहेर जाणारे. "चोर आत आहे ना रे?" मी म्हटलं. "हो, पण तो उलटा चालत आला. म्हणजे पोलिसांना वाटेल तो गेला." सूर्य त्याने काळ्या खडूने झाकून टाकला, कारण चोर दिवसा कसा येणार. तासाभराने तो कागद हातात घेतला तेव्हा डोंगर तेच होते, झोपडी तीच होती, आणि तरीही तसं चित्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी त्याला रेघ कशी मारायची हे शिकवलं नव्हतं. फक्त एक प्रश्न विचारला होता आणि उत्तर ऐकायला थांबले होते.

तेव्हापासून वर्गातला माझा बराचसा वेळ खेळण्यात जातो. पालकांना ते सुरुवातीला पटत नाही. एकदा एक आजोबा नातीला न्यायला लवकर आले तर आम्ही सगळे हात वर करून डुलत होतो. झाड काढायचं होतं, म्हणून आधी झाड झालो होतो. मी वारा. तोंडाने फुंकर घालत खोलीभर फिरत होते. ज्याच्याजवळून वारा जाईल ते झाड वाकणार, पण मुळं जमिनीत म्हणून पाय हलवायचे नाहीत. आजोबा दारातच थांबले. मग मुलं कागदावर बसली आणि डोक्यावर हिरवा फुगा ठेवलेल्या खांबासारखं जे झाड एरवी निघतं, ते एकानेही काढलं नाही. खोड वाकलेलं, मुळं जाड नि घट्ट, एकाच्या झाडाचे तर पायाचे अंगठेही जमिनीत रुतलेले. जे आधी अंगातून जातं ते हाताला वेगळं सांगावं लागत नाही. आजोबांनी पुढच्या वेळी विचारलं, "आज काय व्हायचंय?"

पांढऱ्या खडूचा खेळ तर मुलं दर महिन्याला मागून घेतात. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणखडूने जोर देऊन गुपित काढायचं. काढणाऱ्यालाही दिसत नाही, त्यामुळे चुकलं-बरोबर कळायचा प्रश्नच नाही, आणि खोडायचाही. मग कागद दुसऱ्याला द्यायचा. तो त्यावर पातळ निळा जलरंग फिरवतो. मेणावर पाणी ठरत नाही, ओघळून बाजूला होतं, आणि रंगातून गुपित वर येतं. त्या दिवशी दोन मैत्रिणी भांडून आल्या होत्या. चादरीच्या दोन टोकांना बसल्या. मी मुद्दाम त्यांच्या कागदांची अदलाबदल केली. एकीने ब्रश फिरवला तर आतून जीभ बाहेर काढलेला चेहरा आला, वेण्यांसकट, हुबेहूब तिचाच. ती रागाने लाल झाली. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला दुसरीने ब्रश फिरवला. तिथेही जीभ बाहेर काढलेला चेहरा. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि अशा काही हसत सुटल्या की निळ्या पाण्याचा डबा लवंडला. चादरीवरचा तो डाग अजून आहे.

आणि एक न बोलणारी मुलगी होती. सहा वर्षांची. तीन रविवार आली. ना बोलली, ना खडू हातात घेतला. बुटांकडे बघत बसायची. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक लहान रुग्णांशी एक खेळ खेळत. ते कागदावर डोळे मिटून काढल्यासारखी एक वेडीवाकडी रेघ मारत; मुलाने तिचं काहीतरी करायचं. मग मुलाने रेघ मारायची आणि डॉक्टरांनी तिचं काहीतरी करायचं. मी काही डॉक्टर नाही आणि मला तिच्या मनाचा तळ गाठायचा नव्हता. पण खेळ सोपा होता. चौथ्या रविवारी मी तिच्याशेजारी बसले, एक वळवळती रेघ मारली आणि कागद तिच्याकडे सरकवला. बराच वेळ काही नाही. मग तिने रेघेच्या बाजूला एक टिंब दिलं. मी म्हटलं, "साप! हा त्याचा डोळा." तिने मान हलवली. दुसरं टिंब दिलं. मग तिसरं, चौथं, समोरासमोर दोन रांगांत. मला काही कळेना. मी पूर्वी पाच पायांच्या मांजराकडे ज्या नजरेने पाहिलं असेल, तशाच नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाडी."

बुटाची नाडी. ती टिंबं म्हणजे नाडी ओवायची भोकं. आई म्हणाली, त्याच आठवड्यात ती गाठ मारायला शिकली होती. वर्गात सगळे चपला घालून येत; तिची ती मोठी कमाई कुणाला दिसलीच नव्हती.

रंगांचं मात्र वेगळं आहे. रंगाशी मुलांचं आधीपासूनच सूत जुळलेलं असतं. आपण फक्त गोंधळ आवरायचा. पॅलेटवर सगळे रंग एकदम दिले की दहा मिनिटांत सगळीकडे तपकिरी चिखल होतो. याचं कारण साधं आहे: प्रत्येक रंग उजेडातला काही भाग गिळतो आणि उरलेला परत देतो. लाल, पिवळा, निळा तिघे एकत्र आले की मिळून जवळजवळ सगळाच उजेड गिळतात, परत द्यायला फारसं काही उरत नाही. हे मुलांना असं समजावून काही फायदा नाही, मी ते करून पाहिलंय. त्यापेक्षा मी सांगते, "आज लाल गावाला गेलाय." फक्त निळा, पिवळा आणि पांढरा. तेवढ्यातून निघालेल्या हिरव्यांना मुलंच नावं देतात: पावसाआधीचा, आजारी, पोपटाच्या बाळाचा, खूप जुना. पुढच्या रविवारी लाल परत येतो. कुणीतरी उत्साहाने त्याचा ठिपका हिरव्यात टाकतं, हिरवा मरतो, आणि खोलीभर "अरेरे" होतं. ते "अरेरे" दहा व्याख्यानांच्या तोडीचं असतं. अपवाद एकच निघाला. एकाने मुद्दाम सगळे रंग कालवले आणि मी काही म्हणायच्या आत बजावलं, "मला चिखलच पाहिजे. बेडूक कुठे राहणार मग?"

भावनेचं बोलायचं तर जरा जपून बोलायला हवं. मूल चित्रात मन ओततं हे खरं. पण म्हणून चित्र बघून मुलाचं निदान करत सुटणं हा अलीकडे मोठ्यांना लागलेला चाळा मला आवडत नाही. एका मुलीने सलग दोन रविवार कागद काळाकुट्ट रंगवला. घरी काळजी सुरू झाली, घरात कुणी रागावलं का, शाळेत काही झालं का. मी तिला विचारलं, "सांग ना या चित्राबद्दल." ती म्हणाली, "रात्र आहे. सगळे झोपलेत. शूऽऽ." तिसऱ्या रविवारी तिने काळ्यावर पिवळी टिंबं दिली. कुणीतरी उठून दिवा लावला होता.

"हे काय आहे?" असं मी आता विचारत नाही. त्या प्रश्नात एक खोच असते: मला ओळखू आलं नाही, म्हणजे तुझं चुकलं. "सांग ना याच्याबद्दल" यात खोच नाही.

पण आकार मात्र बोलतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकांनी व्हिएन्नात अंध मुलांना मातीकाम शिकवलं. त्यांना दिसलं की मूल जे अवयव तीव्रतेने अनुभवतं ते मोठे करतं. मोजमाप डोळ्याचं नसतं, अनुभवाचं असतं. डोळस मुलंही तेच करतात. आमच्याकडच्या एकाने "माझं घर" काढलं. आई, आजी, तो स्वतः, आणि मधोमध कपाटाएवढी एक चौकट. "बाबा कुठेत?" त्याने चौकटीकडे बोट दाखवलं. आत नीट बघितल्यावर एक छोटा हसरा चेहरा दिसला. वडील कामासाठी दूर, रोज रात्री फोनवर दिसायचे. फोन कपाटाएवढा का, हे मी विचारलं नाही. फोन एवढा मोठा नसतो, हे तर नाहीच नाही. नुसतं म्हटलं, "बाबांना बसायला जागा आहे का तिथे?" त्याने आत एक खुर्ची काढून दिली.

प्रत्येक चित्राखाली मुलाने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं, हा वर्गातला एकमेव कडक नियम. तो मी फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांच्याकडून घेतला. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकर्तीला नाझींनी १९४२च्या डिसेंबरात तेरेझिनच्या छावणीत पाठवलं. तिथे तिने मुलांना चित्रं शिकवली, मिळेल त्या कागदावर. जिथे माणसांची ओळख पुसून क्रमांक उरत होते, तिथे ती मुलांना चित्रावर नाव घालायला सांगे. ऑक्टोबर १९४४मध्ये तिला आउशवित्झला नेऊन मारण्यात आलं. जाण्याआधी तिने साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. ती वाचली. काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत. आमच्या खोलीत नाव लिहिताना "र" उलटा पडतो, अक्षरं कागदाबाहेर जातात, कुणी चित्रापेक्षा नाव मोठं लिहितं. मी काही बोलत नाही.

बक्षिसं मी बंद केली त्याला मात्र एक ठोस कारण आहे. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीत एक प्रयोग केला. ज्यांना चित्र काढायची मुळातच आवड आहे अशी मुलं निवडली. काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी न सांगता, शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात नुसते रंगीत पेन मांडून ठेवले. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस मिळालं होतं, ती मुलं इतरांच्या तुलनेत निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. खेळ होता, त्याचं काम झालं होतं. हे वाचून मी चांदण्यांच्या चिकट्यांचं पाकीट कपाटात वर टाकलं. "छान" हा शब्दही कमी केला. तोही एक चिकटवायचा चांदणीतुकडाच. त्याऐवजी दिसतं ते म्हणते. "इथे तू निळा तीनदा फिरवलास." "ही रेघ किती हळू गेलीय." मुलं मग स्वतःच त्या जागेकडे परत बघतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मुलांना नुसतं खेळू द्यावं, शिकवायचं काही नाही. मलाही मधली दोन-तीन वर्षं तसंच वाटत होतं, आणि तीही एक चूकच होती. नऊ-दहा वर्षांच्या आसपास मुलांमध्ये काहीतरी पालटतं. त्यांना आपलं चित्र अचानक दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसायला लागतं. परवापर्यंत बिनधास्त घोडे काढणारी मुलगी हाताने कागद झाकून म्हणते, "मला येत नाही." या वयात "तुझ्या मनाला येईल तसं काढ, छानच आहे" म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून टाळ्या वाजवून दाखवणं. कितीतरी जण याच टप्प्यावर चित्र सोडतात आणि "आपल्याला काही चित्रकला जमत नाही" हे वाक्य जन्मभर बाळगतात. त्यांना आता खरोखर शिकायचं असतं: लांबचं लहान का दिसतं, सावली कुठून पडते, हात काढताना अंगठा नेमका कुठून निघतो. ते तेव्हाच, त्यांनी मागितलं की लगेच द्यावं, हातचं न राखता. आधीही नको आणि नंतरही नको. ही वेळ ओळखण्यात मी अजूनही बऱ्याचदा चुकते.

पाच पायांच्या मांजरवाला मुलगा दहा वर्षांचा झाला, तरी येत होता. मधल्या काळात "किती पाय?" विचारणं कधीतरी बंद झालं होतं, केव्हा ते लक्षातही आलं नाही. एका रविवारी तो फणकारत आला. "माझं मांजर मांजरासारखं दिसतच नाही." मी त्याला खिडकीत बसवलं. बाहेरच्या कट्ट्यावर एक मांजर ऊन खात पडलेलं असतं. त्याला म्हटलं, कागदाकडे बघायचं नाही, फक्त मांजराकडे. तुझी नजर मांजराच्या पाठीवरून मुंगीसारखी चालतेय असं समज, आणि नजर जाईल तशी पेन्सिल चालू दे. पहिल्या दोन कागदांवर बटाटे आले. तिसऱ्यावर पाठीचा बाक आला, खरा, ऊन लागल्यासारखा सैल. तो स्वतःवरच खूश झाला.

मग मांजर उठलं. अंग ताणलं, बसलं, मागचा पाय वर घेतला आणि कान खाजवायला लागलं. तो काढतच राहिला. मांजराने पाय हलवला की तो नव्या जागी नवी रेघ मारायचा, जुनी तशीच ठेवून. खाजवून झाल्यावर मांजर उडी मारून गेलं. तो बराच वेळ रिकाम्या कट्ट्याकडे बघत बसला, मग कागद मला न दाखवताच खाली कोपऱ्यात नाव लिहायला लागला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. कानापाशी पायच पाय होते. मी मोजले, अकरा. चादरीवर त्याचं खोडरबर पडलं होतं. ते मी उचललं आणि खिशात टाकलं.